जपानातील घरमालक, भाडेकरू व मुदतीचा कागद

टोकियो शहराच्या पूर्व अंगास निशि-कासाई नावाची वस्ती आहे. संगणकाच्या व्यवसायानिमित्त तिकडे गेलेली आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे तेथे राहतात व त्यांत मराठी माणसेही आहेत. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्या भागात एका खाजगी इमारतीत दोन खोल्यांचे घर दोन वर्षांच्या कराराने घेतले होते. मुदत भरण्यास तीनेक महिने उरले असता दलालाच्या कचेरीतून एक पाकीट आले. त्यात पुढील दोन वर्षांच्या कराराचा कागद होता. नूतनीकरणाबद्दल एका महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम भरावी अशी सूचना होती. शिवाय आगीच्या विम्याचा हप्ता व जामीनकी पत्करणाऱ्या कंपनीचे शुल्क यांचेही आकडे होते. त्याने आम्हांस पत्रातून विचारले : मी भाडे एकदाही चुकविले नाही, घरात नवे काही मिळाले नाही, भिंतीवर रंगाचा हातसुद्धा फिरला नाही, मग हे तेरावे भाडे कशाबद्दल? आणि मी सहीही केली नाही व घरही सोडले नाही, तर काय होईल?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास जपानच्या सर्वोच्च न्यायालयास 2011 साल उजाडावे लागले. दुसऱ्याचे उत्तर मात्र कायद्यातच आहे आणि ते आपल्याकडील वाचकांस चमत्कारिक वाटेल. काहीही होणार नाही. 1991 साली झालेल्या व 1992 च्या ऑगस्टपासून अंमलात आलेल्या कायद्याप्रमाणे, मुदत संपण्यापूर्वी एक वर्ष ते सहा महिने या अवधीत मालकाने ‘यापुढे करार चालविणार नाही’ असे कळविले नसेल, तर तो करार पूर्वीच्याच अटींवर पुढे चालू झाला असे धरावयाचे. फरक एवढाच, की त्यानंतर त्यास मुदत उरत नाही. बरे, मालकाने वेळेवर कळविले म्हणून भागते असेही नाही. नकारास ‘सेइतो नो जियू’, म्हणजे न्याय्य कारण, असावे लागते व ते आहे की नाही हे वाद पडल्यास न्यायालय ठरविते. भाडेकरूने ‘मुदत भरताच मी निमूटपणे निघून जाईन’ असे आगाऊ लिहून दिले असले तरी ते लिहिणे फुकट. कारण या बाबतीत भाडेकरूच्या अहिताची अट कायदा मानीतच नाही. तात्पर्य, दोन वर्षांचा हा कागद बहुधा मालकास बांधतो तो दोन वर्षांपुरता नव्हे, आणि कित्येकदा त्यास जन्मभर बांधतो.

ज्या देशाने आपला दिवाणी कायदा यूरोपाच्या नमुन्यावर बेतला, त्या देशात मालकीहक्कास एवढी मोठी मुरड पडली कशी? ही व्यवस्था कोण्या एका तत्त्ववेत्त्याने विचारपूर्वक रचलेली नाही. युद्धे, भूकंप, आगी आणि जमिनीच्या किमतींचे चढउतार यांनी ती थोडथोडी घडविली, आणि तिचा सर्वांत भक्कम खांब तर युद्धकाळातील एका तात्पुरत्या निकडीतून उभा राहिला.

एदो शहरात, म्हणजे जुन्या टोकियोत, सामान्य कारागीर ‘नागाया’त राहत. ‘लांब घर’ असा या शब्दाचा अर्थ. आपल्या बैठ्या चाळीचेच ते भावंड होय. नऊ शाकु रुंद व दोन केन खोल, म्हणजे आजच्या मापाने सुमारे पावणेतीन मीटर बाय साडेतीन मीटर, एवढ्या जागेत चूल, बिछाना व कुटुंब मावत असे. या घरांचा कारभार पाहणाऱ्यास ‘ओया’ म्हणत. हा शब्द आज घरमालकास लावतात. पण एदोतील ओया बहुधा मालक नसून जमीनमालकाने नेमलेला कारभारी असे. भाडे वसूल करणे, भांडणे मिटविणे, नव्या बिऱ्हाडकरूचा जामीन तपासणे, सरकारदरबारी त्याची जबाबदारी घेणे ही त्याची कामे. सामाईक शौचकूपांतील सोनखत शेतकऱ्यांस विकून येणारा पैसा हा त्याचा हक्काचा लाभ समजला जाई. ओया म्हणजे बाप व बिऱ्हाडकरू म्हणजे लेकरू, अशा अर्थाची तिकडे एक म्हणच आहे. पण हा बाप रागावला की लेकराला बिऱ्हाड उचलावे लागे. ‘राकुगो’ नावाच्या तेथील विनोदी कथनकलेत ‘नेदोको’ ही प्रसिद्ध कथा आहे. तीतील धनिकास गाण्याची भारी हौस व गळा तितकाच भयंकर. त्याचे गायन ऐकण्यास बिऱ्हाडकरूंनी निरनिराळ्या सबबी सांगून टाळाटाळ केली, तेव्हा ‘सर्वांनी माझ्या जागा खाली करा’ असा तो हुकूम सोडतो आणि बिचारे सारे पुन्हा गाणे ऐकण्यास येऊन बसतात! श्रोते यावर शतकानुशतके हसत आले. परंतु हसण्यामागची वस्तुस्थिती अशी, की सामान्यतः तेथे मुदत नव्हती, म्हणून नूतनीकरणही नव्हते. होती ती मर्जी.

मेइजी राजवटीत कायदा आला आणि मर्जीच्या जागी करार आला. 1873 साली जपानात आलेल्या बोआसोनाद या फ्रेंच पंडिताने दिवाणी कायद्याचा जो मसुदा केला, त्यात भाडेकरूचा हक्क हा प्रत्यक्ष वास्तूवरील हक्क मानिला होता. 1890 साली तो कायदा जाहीर झाला, पण त्यावर मोठे वादळ उठून तो अंमलात येण्यापूर्वीच बाजूस पडला. त्यानंतर होझुमी नोबुशिगे, तोमीई मासाआकी व उमे केंजिरो या तिघांनी नवा कायदा रचला, तो 1898 पासून लागू झाला. या कायद्यात भाडेकरूचा हक्क वास्तूवर राहिला नाही; तो केवळ करार करणाऱ्या मालकावर राहिला. मालकाने मिळकत विकली की नवा धनी म्हणे, ‘तुमचा करार ज्याच्याशी झाला त्यास जाऊन भेटा.’ भाडेपट्टा नोंदवून घेतल्यास संरक्षण मिळे खरे. परंतु नोंदणीस मालकाची संमती लागे आणि ती देण्याचे बंधन त्याजवर नव्हते. मग ती कोण देतो?

शब्दांतील या फरकाचे फळ दहा वर्षांत दिसून आले. टोकियोत जमीन एकाची व तीवरील घर दुसऱ्याचे हा प्रकार सर्रास होता. 1904-05 च्या रशियाबरोबरील युद्धानंतर शहरातील जमिनीचे भाव चढले, तेव्हा जमीनमालकांनी एक युक्ती काढली. जमीन खोटीच कोणास विकावयाची, व त्या खरेदीदाराकडून भाडेकरूस सांगावयाचे की वाढीव भाडे दे, नाही तर तुझे घर मोडून जमीन मोकळी कर. उभी घरे अशी पडू लागली, म्हणून लोकांनी या व्यवहारास ‘भूकंपविक्री’ असे नाव दिले. भूकंपाची भीती ज्यांच्या हाडीमांसी खिळली आहे त्या लोकांनी हे नाव द्यावे, यातच त्यांचा संताप दिसून येतो. 1909 साली कायदा होऊन, जमिनीवरील घर भाडेकरूने स्वतःच्या नावे नोंदविले असल्यास नव्या खरेदीदारासही त्याचा पट्टा मानावा लागेल असे ठरले. पण हे रक्षण झाले जमिनीच्या भाडेकरूचे. ज्याचे घरच भाड्याचे, त्यास आणखी बारा वर्षे वाट पाहावी लागली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखाने वाढले, शहरे फुगली, भाडी कडाडली. फुसे तात्सुजी यांच्यासारखे वकील भाडेकरूंचा पक्ष घेऊन उभे राहिले. 1921 साली जमिनीच्या व घराच्या भाडेपट्ट्यांविषयी दोन स्वतंत्र कायदे झाले. प्रथम ते काही मोठ्या शहरांपुरतेच होते. घराचा प्रत्यक्ष ताबा असणे हेच नव्या मालकाविरुद्ध पुरेसे मानिले गेले व जागा सोडण्याची सूचना सहा महिन्यांची झाली. पुढच्या वर्षी तडजोडीसाठी वेगळी व्यवस्था निघाली. 1 सप्टेंबर 1923 च्या महाभूकंपात एक लाखावर माणसे मेली व अर्धेअधिक टोकियो जळाले, तेव्हा राखेवर उभारलेल्या झोपड्यांचे असंख्य तंटे याच तडजोडीच्या मार्गाने मिटविण्यात आले.

तरीही 1921 च्या कायद्याने मुदत संपल्यावर नकार देण्याची मालकाची मुभा काढून घेतली नव्हती. कारण विचारण्याचा अधिकार अजून कोणासही नव्हता. आणि हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नव्हता. 1941 साली चोवीस मोठ्या शहरांची पाहणी झाली, तीत चारांपैकी सुमारे तीन घरे भाड्याची आढळली. बडे विद्वानदेखील भाड्याच्या घरात राहत. सेंदागी येथील ज्या घरात नात्सुमे सोसेकी यांनी मांजराच्या तोंडून सांगितलेली आपली विख्यात कादंबरी लिहिली, ते भाड्याचेच होते. त्यांच्या आधी मोरी ओगाई हे दुसरे थोर ग्रंथकार त्यात राहून गेले होते. एकाच भाड्याच्या घरात एका पिढीचे दोन श्रेष्ठ लेखक पाठोपाठ नांदावे, हा योग विरळाच.

1937 पासून चीनशी युद्ध पेटले होते. महागाई रोखण्यासाठी सरकारने 1939 च्या ऑक्टोबरात घरभाडी गोठविली. आता मालकाचा हिशेब सरळ होता. बसलेल्या भाडेकरूकडून भाडे वाढवून घेता येत नाही. पण मुदत भरताच त्यास बाहेर काढून नवा आणला, तर त्याजकडून कागदावर न येणारी रक्कम हातावर घेता येते. आमच्या मुंबईकर वाचकांस ‘पागडी’ हा एकच शब्द सांगितला म्हणजे पुरे. भाडे बांधून टाकले आणि दार मात्र मालकाच्या हाती ठेवले, तर पहिल्या कायद्याचा काही उपयोग नाही, हे सरकारच्या लवकरच ध्यानात आले. म्हणून 1941 साली 1921 च्या कायद्यात दुरुस्ती होऊन असे शब्द आले, की मालकास स्वतःच्या वापरासाठी जागा हवी असल्याखेरीज अथवा अन्य न्याय्य कारण असल्याखेरीज नूतनीकरण नाकारता येणार नाही. आघाडीवर गेलेल्या शिपायाच्या बायकामुलांस कोणी रस्त्यावर काढू नये, कारखान्यातील मजुराचे छप्पर टिकावे, एवढीच त्या वेळची दृष्टी होती. लोकशाहीने दिलेला हा हक्क नव्हे. लढाईस निघालेल्या सरकारने आपली पिछाडी शाबूत राखण्यासाठी मारलेली ही मेख होती. पण मेख रुतली ती रुतलीच.

कारण पुढे जे घडले त्याने ती अधिकच खोल गेली. 1945 च्या बाँबवर्षावात शहरेच्या शहरे जळाली. साठ लाखांवर शिपाई व नागरिक परदेशातून परतले. बेचाळीस लाख घरांची तूट असल्याचा अंदाज झाला. न्यायालयांपुढे येणारे दोन्ही पक्ष दीन असत. मांचुरियातून सर्वस्व गमावून आलेला मालक म्हणे, माझेच घर मला द्या; भाडेकरू म्हणे, मी कोठे जाऊ? प्रारंभी मालकाची स्वतःची गरज हेच पुरेसे कारण समजले जात असे. या काळात न्यायाधीशांनी दोघांची गरज तराजूत घालण्यास सुरुवात केली. काही खटल्यांत तर घराचा एक भाग मालकास द्यावा व उरलेल्यात भाडेकरूने राहावे असेही निवाडे झाले. एकाच छपराखाली वादी व प्रतिवादी कसे नांदले असतील याची कल्पना वाचकांनीच करावी.

पुढे तराजूत पैशाचेही वजन पडू लागले. मालकाची गरज थोडी कमी भरली तर ‘ताचिनोकि-रियो’, म्हणजे जागा सोडण्याबद्दलचा मोबदला, देऊन ते पारडे सम करता येते असे न्यायालये मानू लागली. क्योतोच्या एका गजबजलेल्या पेठेतील दुकानाच्या खटल्यात मालक तीस लाख येन अथवा त्याच्या आसपास न्यायालय ठरवील ती रक्कम देण्यास तयार होता. पन्नास लाख दिल्यास जागा सोडावी हा हुकूम 1971 साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. त्या दिवसापासून भाडेकरूच्या बसण्यास किंमत आली असे म्हटले तरी चालेल.

येथे आपल्याकडची एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. मुंबईच्या 1947 च्या कायद्यानेही भाडे व भाडेकरू या दोहोंस एकत्र बांधले. प्रमाण भाडे म्हणून 1 सप्टेंबर 1940 चे भाडे धरले गेले आणि पुढे दशकानुदशके ते जवळजवळ तेथेच राहिले. त्याचे परिणाम गिरगाव-परळच्या टेकू दिलेल्या इमारती सांगत आहेत. जपानने दोन गाठींपैकी एक सोडली. 1950 पासून नव्याने बांधलेली घरे भाडेनियंत्रणातून मोकळी झाली, आणि 1986 च्या अखेरीस ते नियंत्रण समूळ गेले. भाडेकरूस मात्र सोडले नाही. भाडे वाढवून मागण्याची मालकास व कमी करून मागण्याची भाडेकरूस मोकळीक आहे. वाद पडल्यास आधी तडजोडीस बसावे लागते, आणि निकाल लागेपर्यंत भाडेकरूने स्वतःस रास्त वाटेल ते भाडे भरावे, पुढे कमी ठरल्यास वर्षास दहा टक्के व्याजाने फरक द्यावा. मालकाने पैसे घेतले नाहीत तर ते सरकारी कचेरीत अनामत ठेवता येतात. म्हणून इमारती टिकल्या व नव्या उठल्या. आमच्या मते दोन्ही देशांच्या अनुभवात शिकण्यासारखे जर काही असेल, तर ते या एका गाठीच्या फरकात आहे.

पण मालकही माणूसच. कायद्याने जे दार लावले त्याला वळसा घालून तो खिडकीपाशी आला. घर देतेवेळी ‘रेइकिन’, म्हणजे आभाराची रक्कम, जी परत मिळत नाही; आणि दर दोन वर्षांनी ‘कोशिन-रियो’, म्हणजे नूतनीकरणाचे शुल्क. या दुसऱ्या शुल्काचा आधार कोणत्याही कायद्यात नाही. ते केवळ वहिवाटीने व कराराने आले. वहिवाटही सर्वत्र सारखी नाही. टोकियो व आसपासच्या प्रांतांत एका महिन्याचे भाडे घेतात; क्योतोत याहून जड घेतात; आणि क्योतोपासून आगगाडीने अर्ध्या तासावर असलेल्या ओसाकात ते जवळजवळ कोणी घेत नाही. तेथे घर सोडताना अनामतीतून ठराविक रक्कम कापून घेण्याची रीत आहे. घाट एक, उतरण्याच्या पायऱ्या निराळ्या!

2001 पासून ग्राहकांच्या करारांविषयीचा कायदा लागू झाला आणि भाडेकरूंनी या शुल्कास आव्हान दिले. क्योतोतील एका खटल्यात मासिक भाडे अडतीस हजार येन होते, आणि दरवर्षी नूतनीकरणास दोन महिन्यांचे, म्हणजे शहात्तर हजार, घेतले जात होते. 2009 च्या ऑगस्टात ओसाकाच्या उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात शुल्काची अट रद्द ठरविली व देशभरच्या मालकांत खळबळ उडाली. 15 जुलै 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उलट निकाल दिला : हे शुल्क म्हणजे भाड्याचा पूरक भाग अथवा आगाऊ भाग, आणि करार पुढे चालविल्याचा मोबदला, असे मिश्र स्वरूपाचे आहे, करारात ते स्वच्छ लिहिलेले असेल व भाड्याच्या आणि मुदतीच्या मानाने अवाजवी नसेल, तर ते वैध होय. वर्षास दोन महिन्यांचे शुल्क देखील अवाजवी नव्हे असे ठरले.

निकाल कायद्याच्या दृष्टीने टिकण्याजोगा असेल. पण त्यातील युक्तिवाद आम्हांस पुरता पटत नाही. भाड्याचाच भाग असेल तर तो भाड्यातच का लिहू नये? घर शोधणारा तरुण महिन्याचा आकडा पाहून घरांची तुलना करतो. चोविसाव्या महिन्यानंतरचा पंचविसावा आकडा त्याच्या डोळ्यांपुढे येतच नाही. आणि ‘करार पुढे चालविल्याचा मोबदला’ म्हणावा, तर जो करार बहुतेक वेळी मालकास मोडताच येत नाही तो न मोडल्याबद्दल आभार कसले? मालकाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. एकदा आत आलेला माणूस आपल्या इच्छेने बाहेर जात नाही हे ज्यास ठाऊक आहे, तो प्रत्येक टप्प्यावर काहीतरी हाती धरून ठेवणारच. सही न करता आपोआप चालू राहिलेल्या करारात हे शुल्क द्यावे लागते की नाही, हे त्या त्या करारातील शब्दांवर अवलंबून राहते, आणि दलालांचे छापील कागद आता ती फट सोडीत नाहीत.

1980 नंतरच्या दशकात जमिनीच्या किमती आकाशास भिडल्या, तेव्हा जुन्या घरांतील भाडेकरूंस पैशाने वा धाकदपटशाने उठवून जमिनी एकत्र करणाऱ्यांचा एक धंदाच निघाला. त्याच वातावरणात 1991 चा नवा कायदा झाला. मात्र न्याय्य कारणाचे तत्त्व त्याने मोडले नाही, उलट न्यायालयांनी पाडलेले नियम, मोबदल्यासकट, कलमात लिहून टाकले. मग अर्थशास्त्री पुढे सरसावले. त्यांचे म्हणणे, मालकास घर परत मिळण्याची शाश्वती नसल्यामुळे तो एकट्यादुकट्यापुरत्या लहान खोल्या बांधतो, कुटुंबास पुरेल असे घर भाड्याने देतच नाही. कायदेपंडित विरोधात उभे राहिले. अखेर 1999 च्या डिसेंबरात कायदा होऊन 1 मार्च 2000 पासून ‘तेइकी शाक्का’, म्हणजे ठाम मुदतीचा भाडेपट्टा, सुरू झाला. यात नूतनीकरण नाही. मुदत संपली की संपली, फार तर नवा करार. मात्र तो लेखी हवा, आणि नूतनीकरण होणार नाही हे भाडेकरूस वेगळ्या कागदाने आधी समजावून सांगावयास हवे. यात चूक झाल्यास तो नेहमीचाच पट्टा ठरतो. राहत्या घरांत असे पट्टे अजूनही अल्पसंख्यच आहेत.

या साऱ्या ओढाताणीत ज्यास खरी झळ लागली तो म्हातारा भाडेकरू होय. आत बसलेल्यास कायदा राखतो. पण दाराबाहेर उभा असलेल्या सत्तर वर्षांच्या एकट्या माणसास मालक घर देण्यास नाखूष असतो. हा आत आला तर बाहेर जाणार नाही, आणि मेला तर भाडेपट्टा वारसांकडे जाईल ही त्याची भीती. 2001 साली वृद्धांसाठी मरेपर्यंत चालणारा व मरणाबरोबर संपणारा एक खास पट्टा कायद्याने निर्माण केला, तो याच कारणाने. परदेशी माणसाचेही दार असेच अडते. निशि-कासाईत आपली मंडळी एकवटली त्यास एक कारण तेथील सार्वजनिक गृहसंस्थेच्या इमारती होत. 1955 साली निघालेल्या सरकारी गृहनिर्माण महामंडळाचीच ही पुढची आवृत्ती. ती आभाराची रक्कम घेत नाही, जामीन मागत नाही, आणि नूतनीकरणाचे शुल्कही घेत नाही.

आमच्या विद्यार्थ्याने त्या पाकिटातील कागदावर सही करून पैसे भरले. कायदा आपल्या बाजूस आहे हे त्यास कळले होते. पण जामीनकीची कंपनी, दलाल आणि परक्या भाषेतील पत्रव्यवहार यांशी झगडण्याची त्याची तयारी नव्हती. पुढची दोन वर्षे सरण्याच्या आत तो वर सांगितलेल्या संस्थेच्या इमारतीत राहावयास गेला.

त्याने सोडलेल्या घराच्या खालच्या मजल्यावर एक वृद्धा राहते असे त्याने लिहिले होते. तिचा मूळ करार 1992 च्या ऑगस्टपूर्वीचा आहे. अशा करारांच्या नूतनीकरणास नवा कायदा लागत नाही. 1921 सालचा, 1941 मध्ये दुरुस्त झालेला कायदा रद्द झाला असला तरी त्यांच्यापुरता तोच चालतो. आणि राहत्या घराचा 1 मार्च 2000 पूर्वीचा पट्टा उभयतांच्या संमतीनेही ठाम मुदतीचा करून घेता येत नाही. त्या बाईंच्या कराराची मुदत केव्हाच संपली असून नवा कागद कोणीही केलेला नाही. त्या दर महिन्यास भाडे भरतात, आणि मालक ते घेतो.